श्वासांचा रकाना

सर्जिकल वॉर्डात येऊन संचिताला अकरा दिवस झाले होते आणि या अकरा दिवसांत तिचे पाय एकदाही दुखायचे थांबले नव्हते. नर्सिंगचं दुसरं वर्ष. पहिलं वर्ष कॉलेजच्या लॅबमध्ये रबराच्या बाहुल्यांना सुया टोचण्यात आणि चादरीचे कोपरे नीट दुमडण्यात गेलं होतं. बाहुली ओरडत नाही, घाईला येत नाही, तिला लघवी लागत नाही. इथे काशीमीऱ्याच्या हायवेला लागून असलेल्या या हॉस्पिटलात सगळ्यांना सगळं एकाच वेळी लागायचं. खिडकीखालून ट्रक जायला लागले की काचा थरथरायच्या आणि कोणीतरी हमखास हाक मारायचं, "ओ सिस्टर!"

सकाळी आठ ते दीड अशी विद्यार्थिनींची वेळ. बारा वाजता सगळ्या पेशंटचे ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजून चार्टवर लिहायचे हे काम संचिता आणि तिची मैत्रीण दिशा या दोघींकडे होतं. चौदा खाटा. साडेबाराला ट्यूटर शैला मॅडम येऊन चार्टवर सह्या करायच्या. त्यांना रिकामा रकाना दिसला, की अख्ख्या वॉर्डासमोर विचारायच्या, "हे काय, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं का बारा वाजता?"

पहिल्याच दिवशी दिशाने तिला खुबी सांगितली होती. "नाडी आणि ऑक्सिजन बोटाला चिमटा लावला की दिसतात. बीपी मशीन सांगतं. ताप थर्मामीटर सांगतो. राहिला श्वास. त्याला मशीन नाही. एक एक मिनिट छातीकडे बघत उभी राहिलीस तर चौदा मिनिटं तिथेच गेली. सगळे वीस लिहितात. सीनियर पण वीसच लिहितात."

"आणि कोणाचा वीस नसला तर?"

"अगं, जिवंत माणसाचा वीसच्या आसपासच असतो," दिशा म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

संचिताने पहिले दोन दिवस मोजले. तिसऱ्या दिवशी उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली. चौथ्या दिवसापासून तीही वीस लिहायला लागली. पाचव्या दिवशी तिला त्यात काही वाटेनासं झालं.

नऊ नंबरच्या खाटेवर तारोडीचे काशीनाथ तांडेल होते. आडनाव वेगळं, पण चाळीस वर्षं बोटीचं सुकाणू धरलं, तांडेलकी केली म्हणून गाव त्यांना तेच म्हणायचं. वय अडुसष्ट, अंगात साखर. जाळं साफ करताना शिंगाळ्याचा काटा पायात घुसला, त्यांनी हळद दाबून तसंच चार दिवस काढले, आणि पाऊल भोपळ्यासारखं सुजल्यावर मुलीने ओढत इथे आणलं. मुलगी लक्ष्मी भाईंदरच्या बाजारात मासे विकायची, त्यामुळे ती यायची दुपारी चारला. सकाळभर म्हाताऱ्याला बोलायला कोणी नसायचं. मग तो विद्यार्थिनींना धरायचा. "पोरी, तुमी कोनचे? भाईंदरात ताजी मासली मिलते का? मना इचार, कोनाकडं घ्यायची ती." संचिताला त्यांचं बोलणं आवडायचं, पण बारा वाजता नाही.

त्या बुधवारी बारा वाजता ते काही बोलले नाहीत. उशीला टेकून बसले होते, डोळे अर्धे मिटलेले. संचिताने बोटाला चिमटा लावला. नाडी एकशे आठ. ताप नव्व्याण्णव पॉइंट आठ. रक्तदाब एकशे दहा, सत्तर.

"काका, बरं वाटतंय ना?"

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "पानी." थोडं थांबून म्हणाले, "दे."

तिने पेला भरून हातात दिला आणि चार्टवर वीस लिहिलं. आज काका बोलत बसले नाहीत हे बरंच झालं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

दीड वाजता तिने एप्रन लॉकरमध्ये टाकला, साधा कुर्ता चढवला आणि महापालिकेच्या बसने भाईंदर पश्चिमेला घरी आली. वडील विम्याच्या ऑफिसात, आई घरी. आठ वर्षांपूर्वी लालबागची खोली विकून ते इथे दोन खोल्यांत आले होते, आणि आईला अजून इथली दुपार फार शांत वाटायची. जेवणं झाली. आई हॉलमध्ये चटईवर आडवी झाली आणि पाच मिनिटांत झोपली.

संचिता फोन घेऊन शेजारीच भिंतीला टेकली. तिची नजर आईच्या पोटावरच्या हाताकडे गेली. हात वर येत होता, खाली जात होता. काही करायचं नव्हतं म्हणून, आणि आठ दिवस जे करायला हवं होतं ते केलं नव्हतं म्हणूनही कदाचित, ती मोजायला लागली. फोनवर एक मिनिट लावलं. पंधरा.

किती सावकाश आहे, तिला वाटलं. दोन श्वासांच्या मधे इतकी मोकळी जागा असते, की त्या जागेत माणूस एखादं वाक्य बोलून घेईल.

आणि तिथेच तिला नऊ नंबर आठवला. "पानी." मग थांबणं. मग "दे." दोन शब्दांचं साधं वाक्य त्या माणसाला एका दमात बोलता आलं नव्हतं. कालपर्यंत बोंबील कसा वाळवायचा ते न थांबता सांगणारा माणूस. तिला आता त्यांचा गळा दिसायला लागला. गळ्याच्या दोन्ही बाजूंना, हाडामागे, खळगे पडत होते, भरत होते, पडत होते. तिने ते पाहिलं होतं. पेला देताना चेहऱ्यापासून हातभर अंतरावर पाहिलं होतं, आणि पाहूनही तिच्या डोक्यापर्यंत ते पोचलं नव्हतं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली, परत आली. दिशाला फोन लावला.

"तू घरी पोचलीस ना? मग झोप," दिशा म्हणाली. "दोनला संध्याकाळची शिफ्ट आली असेल. ते बघतील."

"ते आपला चार्ट बघतील. चार्टवर वीस आहे."

"संचू, ऐक. तुला नक्की आठवतंय का? का उगाच वाटतंय?"

हेच तर तिला कळत नव्हतं. खळगे खरंच पडत होते, की म्हातारी माणसं तशीच असतात? तिने वॉर्डाचा नंबर फिरवला. वाजत राहिला. पुन्हा फिरवला. एंगेज. शैला मॅडमचा नंबर स्क्रीनवर आणला आणि अंगठा तसाच धरून ठेवला. मॅडमना काय सांगणार? श्वास जास्त असावा. का? तू तर वीस लिहिलंस. मग?

तिने फोन पिशवीत टाकला आणि चपला घातल्या. आई जागी झाली.

"आता कुठे निघालीस उन्हाची?"

"वॉर्डात काम राहिलंय."

"उद्या नाही का करता येणार?"

"नाही गं," ती जिन्यातूनच म्हणाली.

बस मिळेना, म्हणून तिने रिक्षा केली. पुलावर रिक्षा अडकली. पुढे एक टेम्पो बंद पडला होता आणि त्याच्याभोवती सगळे हॉर्न वाजवत होते, जणू हॉर्नने इंजिन चालू होतं. संचिता सीटच्या कडेवर बसली होती. रिक्षावाल्याची पाठ वरखाली होत होती. तिने ती मोजायला सुरुवात केली, सोडून दिली, पुन्हा सुरू केली. काका बरे असू देत, ती मनात म्हणत होती. बरे असले की कोणाला काही सांगावं लागणार नाही. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. काका बरे असावेत हे तिला काकांसाठी हवं होतं की स्वतःसाठी, याचं उत्तर त्या रिक्षात तिला देता आलं नाही.

"भैया, दूसरा रास्ता नहीं है?"

"मैडम, पुल है. उड़ के जाऊँ क्या?"

हॉस्पिटलच्या दारात चारला दहा कमी होते. भेटीची वेळ चारची. गार्डने हात आडवा केला. तो तिला रोज सकाळी पांढऱ्या एप्रनमध्ये पाहायचा. कुर्त्यातली मुलगी त्याच्यासाठी कोणीही होती. तिचं ओळखपत्र एप्रनच्या खिशात, एप्रन लॉकरमध्ये.

"दस मिनट रुको ना, मैडम. सब रुके हैं."

"मी स्टुडंट आहे इथली. सर्जिकलला."

"आईकार्ड?"

संचिताने आजूबाजूला पाहिलं. डबे घेऊन उभी असलेली माणसं तिच्याकडे बघत होती. "नौ नंबर के पेशंट की साँस ठीक नहीं है," ती म्हणाली, "और मैंने किसी को बताया नहीं है. अभी जाने दो."

गार्डने क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात काढला.

वॉर्डात पिंकी सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन तीन नंबरच्या खाटेशी होत्या. चौदा पेशंट आणि त्या एकट्या. "अगं, तू? घरी नाही गेलीस?" संचिता तशीच पुढे गेली. नऊ नंबरच्या पायथ्याशी उभी राहिली. काशीनाथकाकांचे डोळे मिटलेले होते. ओठ कोरडे. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि छातीकडे आळीपाळीने पाहत पूर्ण एक मिनिट मोजलं. चौतीस. आपलंच चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. छत्तीस. हात धरला तर तो गार लागला.

ती ट्रॉलीपाशी गेली. "सिस्टर, नऊ नंबरचा श्वास पस्तीसच्या आसपास आहे."

"पस्तीस? मी दोनला आले तेव्हा चार्ट बघितला ना. बाराला वीस होता."

"तो मी मोजला नव्हता," संचिता म्हणाली. "नुसता लिहिला होता."

पिंकी सिस्टरांनी हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. रक्तदाबाचं मशीन ओढत नऊ नंबरकडे निघाल्या. पट्टा फुगला, सुटला. नव्वद, अठ्ठावन्न. "आरएमओला बोलाव. फोन नको, पळत जा."

पुढचा अर्धा तास संचिताच्या डोक्यात नंतर कधीच सलग राहिला नाही. ड्युटीवरचे डॉक्टर, म्हणजे आरएमओ, आले, त्यांनी पट्टी सोडली, पायाकडे बघून ओठ आवळले. पायातलं विष रक्तात भिनत होतं. दोन्ही हातांना सलाईन लागलं, रक्त तपासायला गेलं, सर्जनना फोन झाला. संचिता सांगतील ते आणून देत होती. सव्वाचारला लक्ष्मी आली, पस्तिशीची, उंच, डोक्यावर ओढणी, हातात डबा. खाटेभोवतीची गर्दी पाहून ती दारातच थांबली.

"बाबाला काय झालं? काल तर बरा व्हता!"

आरएमओंनी तिला बाजूला घेऊन समजावलं. ऑपरेशन करावं लागेल, पायाचा सडलेला भाग काढावा लागेल, आयसीयूत ठेवावं लागेल. कागदावर सही हवी. लक्ष्मीने सही केली आणि विचारलं, "आता कसं कललं तुमाला?"

"ही स्टुडंट," आरएमओ संचिताकडे बोट करून म्हणाले. त्यांनाही पूर्ण गोष्ट माहीत नव्हती. "घरी गेली होती, तिला शंका आली म्हणून परत आली. हिच्यामुळे कळलं."

लक्ष्मीने पुढे होऊन संचिताचे दोन्ही हात धरले. तिच्या हातांना बर्फाचा आणि माशांचा वास होता. संचिताला ते हात सोडवून घेता आले नाहीत.

काशीनाथकाकांना वर नेल्यावर तिने व्हरांड्यात उभं राहून शैला मॅडमना फोन केला आणि न थांबता सगळं सांगितलं.

"तू आत्ता कुठे आहेस?"

"वॉर्डाबाहेर, मॅम."

"घरी जा. उद्या सातला मला भेट. आणि आज जे झालं ते आजच कागदावर लिही. उद्यापर्यंत तुझं मन त्यात फेरफार करायला लागेल."

ती रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी सातला कॉलेजच्या लॅबमध्ये गेली तर शैला मॅडम एकट्या नव्हत्या. बॅचच्या बाकीच्या अकराही जणी बसल्या होत्या. टेबलावर अकरा दिवसांच्या चार्टांची चळत होती. मॅडमचे केस आज नीट बांधलेले नव्हते.

"काशीनाथ पेशंट आयसीयूत आहेत," त्यांनी सुरुवात केली. "पायाची दोन बोटं काढावी लागली. आता एकमेकींसमोर बसा आणि श्वास मोजा. पूर्ण मिनिट."

मुली बसल्या. आकडे सांगितले. चौदा, सतरा, तेवीस, सोळा. बारा जणींत एकीचाही वीस निघाला नाही. मॅडमनी चळतीतला एकेक कागद उलटायला सुरुवात केली. "वीस. वीस. वीस. इथे कोणाला तरी दया आली, बावीस. पुन्हा वीस. गॅस झालेला माणूसही वीस, ऑपरेशनहून आलेलाही वीस."

दिशा उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मॅम, चौदा पेशंट आणि आम्ही दोघी. अर्ध्या तासात. कसं करायचं?"

सगळ्यांना वाटलं आता मॅडम तिला फाडून खातील.

"नाही होत," शैला मॅडम म्हणाल्या. "खरं आहे तुझं. मग रकाना रिकामा ठेवायचा. रिकामा रकाना मला निदान सांगतो की इथे कोणी बघितलेलं नाही. वीस आकडा सांगतो की बघितलंय, काळजी नको. पिंकी सिस्टर तेच वाचून पुढे गेल्या." त्यांनी चळत बाजूला सरकवली. "आणि रिकामा ठेवला असतात तर मी तुम्हाला वॉर्डासमोर बोलले असते. हेही खरं आहे. या प्रत्येक कागदाखाली माझी सही आहे. मला अकरा दिवसांत एकदाही प्रश्न पडला नाही, की चौदा माणसं सारखी श्वास कशी घेतात. मी माझंही लिहून मेट्रनकडे देतेय."

नंतर त्यांनी संचिताला थांबवून घेतलं. तिची सर्जिकलची पोस्टिंग रद्द झाली होती. दोन आठवडे पुन्हा करावे लागणार होते. "पेशंटच्या घरच्यांशी मेट्रन आणि मी बोलू. तू एकटी बोलायचं नाहीस. कळलं?"

"हो, मॅम. मॅम, बाराला कळलं असतं तर बोटं वाचली असती का?"

"मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित वाचली असती. कदाचित नाही."

संचिताला यापेक्षा 'हो' चाललं असतं. 'हो' ऐकलं, की माणूस एकदाच रडून मोकळा होतो.

तिला मेडिकल वॉर्डात टाकलं. तिथे ती प्रत्येक पेशंटपाशी एक मिनिट उभी राहायची आणि आकडा लिहून पुढे जाताना पुन्हा मागे वळून बघायची. जेवायच्या सुट्टीत दिशा आता दुसऱ्या मुलींबरोबर बसायची. "कबुली द्यायची होती तर एकटीची द्यायची," असं ती कोणाला तरी म्हणाल्याचं कानावर आलं. चौथ्या दिवशी संचिता रिपोर्ट द्यायला आयसीयूच्या मजल्यावर गेली, तेव्हा बाकावर लक्ष्मी बसली होती.

"ए बाय! तुलाच शोधते मी." तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेलं पुडकं काढलं. "आमचं सुकं बोंबील हायेत. घरचं. आईला दे, सांग, तारोडीहून हाय. बाबा आज डोले उघडून बोलला. तू परत आलीस म्हनून."

संचिताने पुडकं हातात घेतलं. मेट्रन अजून बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर हे पुडकं आलं नसतं. ते हलकंच होतं, पण तिला ते धरवेना. तिला मॅडमचं 'तू एकटी बोलायचं नाहीस' आठवलं आणि तरीही ती बाकावर बसली.

"ताई, मी परत आले, कारण मी चुकले होते. बाराला काकांचा श्वास मोजायचं काम माझं होतं. मी मोजला नाही. वीस लिहिलं. ते बघून बाकीच्यांना वाटलं, ठीक आहे."

लक्ष्मीच्या कपाळावर आधी नुसती आठी आली. "मंजे? मोजलं न्हाय नि लिवलंस?"

"हो."

"आनि आदल्या दिवशी?"

"नाही मोजला."

"त्याच्या आदी?"

लक्ष्मीने तिच्या हातातून पुडकं काढून घेतलं, पिशवीत ठेवलं, पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि पिशवीच्या तोंडाची गाठ नीट बांधली. मग तिचा आवाज चढला. "बारा ते चार! चार तास माजा बाप तिथं धापा टाकत बसला, नि तुमच्या कागदावर सगलं बरं हाय! मी बाजारात ओरडून पापलेट इकत व्हते, मना वाटलं, दवाखान्यात हाय, मानसं बघतायत." आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. "जा तू इथून. माज्या बाबाच्या खाटेजवल येऊ नको."

संध्याकाळी मेट्रनच्या केबिनमध्ये लक्ष्मी, शैला मॅडम आणि मेट्रन तासभर बसल्या. बाहेर आल्यावर मॅडमनी संचिताला जिन्यात गाठलं. त्यांचा आवाज थकलेला होता.

"तुला थांब म्हटलं होतं."

"हो, मॅम."

"तू बोललीस ते चुकीचं नव्हतं. आम्हीच चार दिवस लावले. पण एकटी बोललीस, हे चुकलं. त्या बाईला रागवायला समोर कोणी मोठं माणूस हवं होतं. तिने एकोणीस वर्षांच्या मुलीला घालवून दिलं आणि मग बाकावर बसून रडली. तिला तुझ्यावर नीट रागावताही आलं नाही."

हॉस्पिटलने लेखी माफी दिली. बाराच्या वेळेला चौदा खाटांना दोनऐवजी चार विद्यार्थिनी द्यायचं ठरलं आणि मॅडम स्वतः दोन खाटा घ्यायला लागल्या. संचिताला एकदा सर्जिकलच्या दारातून दिशा दिसली. अकरा नंबरपाशी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी होती, ओठ हलत होते. दोघींची नजरानजर झाली. दिशाने आकडा चुकू नये म्हणून पुन्हा खाली पाहिलं.

तीन आठवड्यांनी काशीनाथकाकांना घरी सोडलं. संचिता औषधाच्या दुकानातून वॉर्डाचं सामान घेऊन तळमजल्यावरून चालली होती, आणि दाराशी चाकाच्या खुर्चीत ते बसलेले दिसले. निम्मे झाले होते. पायाला घोट्यापर्यंत पट्टी. शेजारी लक्ष्मी, काखेत फाइल. संचिता खांबाआड व्हायला गेली, पण म्हाताऱ्याने आधीच पाहिलं होतं.

"ए पोरी! कवाची दिसली न्हाय. कुठं गेल्ती?"

तिने लक्ष्मीकडे पाहिलं. लक्ष्मी रस्त्याकडे बघत होती.

"मला दुसऱ्या वॉर्डात टाकलं, काका."

"मना सांगलंन हिनं सगलं," ते म्हणाले. त्यांना दम अजून लागत होता, पण वाक्य पुरं होत होतं. "राग आला मना. अजून हाय. बोटं गेली, आता बोटीवर उभा ऱ्हात न्हाय मी." त्यांनी पायाकडे पाहिलं. "तरी पन तू इथं ये. ही पट्टी कशी बदलायची ते सांगलं एकानं, पन भरभर. हिला काय कललं न्हाय, मना बी न्हाय."

संचिता सामान खाली ठेवून गुडघ्यांवर बसली. उकळून गार केलेलं पाणी, साबणाने हात धुणं, जखम आधी कडेने आणि मग आत नव्हे, तर आधी आत आणि मग कडेने पुसणं, हे तिने सावकाश सांगितलं. कोणते रंग दिसले, कसला वास आला, ताप किंवा धाप वाटली, तर वाट न बघता परत यायचं, हेही सांगितलं. लक्ष्मी आता रस्त्याकडे बघत नव्हती. ती वाकली.

"हितं," ती म्हणाली. पट्टीच्या कडेला, घोट्याच्या वर, कातडीवर एक गर्द पट्टा होता. "हे कालं हाय. काल एवढं नव्हतं, असं मना वाटतं. हे बरं का?"

संचिताने पाहिलं. औषधाचा डाग असावा. आयोडीनचा असतो तसा. बहुतेक तसाच असावा. बाहेर रिक्षा उभी होती, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, म्हातारा घरी जायला आतुर झाला होता, आणि लक्ष्मी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघत उत्तराची वाट पाहत होती.

"ताई, मला माहीत नाही," संचिता म्हणाली. "डाग असेल. पण मला नक्की सांगता येत नाही. वर सर्जन राउंडला आहेत. त्यांना घेऊन येते. तोवर जाऊ नका."

लक्ष्मीने तिच्या चेहऱ्याकडे दोन क्षण पाहिलं. हसली नाही. फाइल काखेतून काढून पुन्हा हातात घेतली आणि बाहेर तोंड काढून ओरडली, "ओ भैया, रुको! अभी नहीं जाने का!"

लिफ्ट चौथ्या मजल्यावर होती. संचिता जिन्याकडे पळाली.